गाय माजावर आल्यापासून गाभण निघेपर्यंत: कधी भरवायची, काय बघायचं आणि आयव्हीएफकडे कधी वळायचं

दौंड, शिरूर, इंदापूर, बारामती, ह्या पट्ट्यात कुठल्याही गोठ्यावर जरा वेळ टेकलात की एक तक्रार हमखास कानावर येते, गाय सारखी उलटतीये, तीनदा भरली (म्हणजे कृत्रिम रेतन केलं) तरी गाभण राहत नाही. आणि मग दोष एकतर डॉक्टरच्या हाताला नाहीतर सीमेनला (वळूच्या वीर्याला). कधी कधी ते खरंही असतं, पण माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक गोठ्यांवर वेळ चुकलेली असते, आणि ती वेळ डॉक्टरला कळूच शकत नाही कारण माज पहिल्यांदा दिसतो तो गोठ्यात राहणाऱ्या माणसाला. आता सेक्स्ड सीमेन (कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य) आलं, गायींचं आयव्हीएफ (प्रयोगशाळेत गर्भ तयार करणं) आलं, लोक त्यावर पैसे लावायला तयार आहेत आणि लावावेतही, पण त्याच्या आधीची पायरी कच्ची असेल तर ते पैसे वाया जातात. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितोय.

आधी आत काय चालतं ते

हे समजलं की वेळेचा नियम पाठ करावा लागत नाही, आपोआप कळतो.

गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते, १८ ते २४ मध्ये कधीही आली तरी ठीक. माज टिकतो १२ ते १८ तास, जास्त दुधाच्या एचएफमध्ये (होल्स्टीन फ्रिजियन जातीत) त्याहून कमी. आता गंमत अशी की माज चालू असताना स्त्रीबीज अजून बाहेर पडलेलंच नसतं. ते माज संपल्यावर १० ते १२ तासांनी सुटतं, म्हणजे माज सुरू झाल्यापासून मोजलं तर २४ ते ३० तासांनी. आणि सुटल्यावर ते फार तर ८ ते १२ तास कामाचं राहतं, त्यानंतर शिळं.

दुसरी बाजू शुक्राणूंची. गायीच्या अंगात ते एखादा दिवस, फार तर ३० तासांपर्यंत टिकतात, पण आत गेल्या गेल्या ते बीज फळवू शकत नाहीत. त्यांना गर्भाशयात आणि बीजनलिकेत काही तास घालवावे लागतात, गायीत साधारण ६ तास, तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरचं आवरण बदलतं, शेपटीची हालचाल जोरकस होते, मग ते तयार होतात. ही गोष्ट १९५१ मध्ये चँग यांनी अमेरिकेत आणि ऑस्टिन यांनी ऑस्ट्रेलियात वेगवेगळी शोधून काढली, आणि तोपर्यंत प्रयोगशाळेत बीज आणि शुक्राणू एकत्र ठेवूनही काही होत का नाही हे कुणाला उमगत नव्हतं.

मग हिशोब घाला. गाय सकाळी ६ ला माजावर आली, बीज सुटणार दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आसपास. संध्याकाळी ६ ला भरवली तर शुक्राणू रात्री १२ पर्यंत तयार होऊन बीजनलिकेत बीजाची वाट बघत बसलेले असतात, उत्तम. सकाळी सहालाच घाईने भरवली तर बीज येईपर्यंत २८ तास जातात आणि बरेचसे शुक्राणू मेलेले असतात, त्यातही सीमेन गोठवलेलं असेल तर ते ताज्यापेक्षा आधीच कमी टिकतं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरवली तर शुक्राणू तयार होईपर्यंत बीज शिळं.

शिळ्या बीजाचं नुकसान लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. बीजाभोवती एक पारदर्शक जाड आवरण असतं, शुक्राणू डोक्यातल्या टोकाचं विकर सोडून ते भेदतो, आणि एक आत शिरला की बीज लगेच आतून असे पदार्थ सोडतं की ते आवरण बाकीच्यांना बंद होतं. ताज्या बीजात हे दार पटकन लागतं. शिळ्या बीजात उशिरा लागतं, मग दोन शुक्राणू आत जाऊ शकतात, आणि असा गर्भ पुढे वाढत नाही, थोड्या दिवसात मरतो. आपल्याला बाहेरून काय दिसतं, तर गाय उलटली.

फळलेलं बीज चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरतं, सातव्या दिवशी आत पोकळी असलेला गोळा होतो (आयव्हीएफमध्ये हाच सात दिवसांचा गर्भ वापरतात, पुढे येईलच). मग १६-१७ व्या दिवसाच्या सुमारास तो एक प्रोटीन सोडून गायीच्या शरीराला कळवतो की मी इथे आहे. हा निरोप पोचला तर पुढचा माज थांबतो. गर्भ कमजोर असेल, निरोप पोचला नाही, तर गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि गाय २१ व्या दिवशी परत माजावर.

कुठली गाय भरवायची

व्याल्यावर निदान ६० दिवस जाऊ द्या. गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण ४० दिवस लागतात आणि त्यानंतर एखादा चांगला माज जाऊ दिला तर बरं. व्याल्यावर पहिल्या दोन महिन्यात जास्त दुधाची गाय खाते त्यापेक्षा जास्त देते, अंगावरची चरबी झडते, आणि अशी पाठ-बरगड्या निघालेली गाय माज दाखवत नाही नाहीतर दाखवला तरी राहत नाही. तिला इंजेक्शन देऊन माजावर आणण्यापेक्षा आधी खुराक, मका मुरघास, रोजचं ५० ग्रॅम खनिज मिश्रण हे बघा. जार अडकली होती, किंवा पू येत होता, अशी गाय तपासून घेतल्याशिवाय भरवूच नका.

कालवडीला वय विचारू नका, वजन बघा. संकरित कालवड २५० ते २७५ किलोची झाली की भरवायची, मग ती १५ महिन्यांची असो की २० ची. छातीचा घेर मोजायची टेप मिळते, तिच्यावरून वजनाचा अंदाज चांगला येतो.

माज ओळखणं, सगळ्यात महत्त्वाचं हेच

खात्रीची खूण एकच, दुसरी गाय अंगावर चढली तरी ती हलत नाही, उभी राहते. जी चढते ती माजावर असेलच असं नाही, जी उभी राहते ती असते. बाकी हंबरणं, दूध कमी होणं, वैरण सोडणं, निरण (योनीद्वार) सुजून लालसर होणं, शेपटीच्या मुळाशी केस विस्कटणं, सारखं थोडं थोडं मुतणं, ह्या सगळ्या आधाराच्या खुणा. सोट, म्हणजे निरणातून येणारा चिकट स्राव, बघा. अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ, न तुटता लांब लोंबणारा सोट म्हणजे चांगला माज. त्यात पांढरे-पिवळे धागे किंवा गढूळपणा दिसला तर त्या माजाला भरवू नका, त्याचे फोटो काढा आणि डॉक्टरला दाखवा, तो आजार आहे आणि आधी तो बरा करायचाय.

कधी बघायचं? पहाटे, दुपारी आणि रात्री झोपायच्या आधी, प्रत्येक वेळी २० मिनिटं, आणि त्यावेळी धार काढणं, शेण ओढणं असलं काही नाही, नुसतं बघायचं. रात्रीचा फेरा सगळेजण टाळतात आणि तोच सगळ्यात कामाचा आहे, कारण बऱ्याच गायी संध्याकाळनंतर ते पहाटेपर्यंतच माज दाखवतात. दावणीला चोवीस तास बांधलेल्या गायीला चढायला-उतरायला जागाच नसते, म्हणून मुक्त गोठा नसेल तरी सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तरी मोकळं सोडा, आणि ते गुळगुळीत काँक्रीटवर नको, मातीवर सोडा, घसरायची भीती असली की गायी उड्या मारत नाहीत.

म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर विचारू नका. तिथे सोटही बऱ्याचदा फक्त बसल्यावर दिसतो, म्हणून पहाटे म्हैस उठायच्या आधी तिच्या मागची जागा बघायची. म्हशीकडे आपल्याकडे जेवढं लक्ष द्यायला हवं तेवढं दिलं जात नाही असं मला कायम वाटत आलंय.

आणि एक, माजानंतर एक ते तीन दिवसात थोडं रक्त दिसतं. ते बघून काही जण म्हणतात गाय राहिली, काही म्हणतात नाही राहिली, दोन्ही चूक. रक्त एवढंच सांगतं की माज होऊन गेला. तुम्हाला माज दिसला नव्हता आणि रक्त दिसलं, तर आता भरवून उपयोग नाही, कॅलेंडरवर खूण करा आणि १८ व्या दिवसापासून डोळ्यात तेल घालून बघा.

वही

प्रत्येक गायीचं व्याल्याची तारीख, माजाची तारीख आणि वेळ, भरवल्याची तारीख आणि वेळ, वळूचा नंबर, एवढं लिहा. वही असली की उलटणाऱ्या गायीचं अर्धं निदान घरीच होतं. १८ ते २४ दिवसांनी उलटली तर बीज फळलंच नाही किंवा गर्भ अगदी सुरुवातीला गेला, बहुतेक वेळ किंवा सीमेन किंवा गर्भाशयातला जंतू. २५ ते ३५ दिवसांनी उलटली तर गर्भ धरला होता, नंतर गेला. आणि ४० ते ४४ दिवसांनी आली तर बहुतेक मधला एक माज तुमच्या नजरेतून सुटला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि डॉक्टरला नुसतं उलटतीये एवढं सांगितलं तर त्याने काय ओळखायचं?

भरवायची वेळ

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम १९४० च्या दशकात अमेरिकेत नेब्रास्कात ट्रिंबर्गर यांनी गायींवर निरीक्षणं करून बसवला आणि आजही चालतो. सेक्स्ड सीमेन असेल तर अजून थोडं उशिरा, माज सुरू झाल्यापासून १६ ते २० तासांनी, कारण त्यातले शुक्राणू कमी आणि कमी टिकणारे असतात, त्यांना बीज सुटायच्या जवळ न्यावं लागतं. डॉक्टरला फोन करताना गाय माजावर आहे एवढंच सांगू नका, किती वाजता पहिल्यांदा उभी राहिली ते सांगा.

कांडी (गोठवलेल्या सीमेनची बारीक नळी) काढल्यापासून आत जाईपर्यंत

आपल्या पुणे जिल्ह्याला ह्या कामाचा मोठा वारसा आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था सुरू केली आणि शेतकऱ्याच्या दारात जाऊन कृत्रिम रेतन करायची पद्धत तिथून गावोगाव पोचली. त्याच्या आधीचा टप्पा म्हणजे गोठवलेलं सीमेन, १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कळलं की ग्लिसरॉल घातलं तर शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात. म्हणून आज उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये कांडी वर्षानुवर्षं टिकते.

पण टिकते ती नायट्रोजनमध्येच. त्यामुळे भरवायला आलेल्या माणसाचं काम शेजारी उभं राहून बघा, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. कांडी शोधताना ती कंटेनरच्या गळ्याच्या वर काही सेकंदांपेक्षा जास्त राहता कामा नये. बाहेर काढली की ३७ अंशाच्या पाण्यात ३० ते ४५ सेकंद, आणि पाणी थर्मामीटरने मोजलेलं, बोट घालून नाही. खिशात ठेवून, तळहातावर चोळून, नळाच्या पाण्यात वितळवलेली कांडी म्हणजे निम्मे शुक्राणू तिथेच गेले. मग कांडी टिश्यूने कोरडी पुसायची कारण पाण्याचा थेंब लागला तरी शुक्राणू मरतात, सरळ कापायची, गनमध्ये (सीमेन आत सोडायच्या लांब नळीत) घालून तिच्यावर नवीन शीथ (प्लास्टिकचं आवरण) चढवायची, आणि पंधरा मिनिटांच्या आत आत सोडायची. थंडीत पहाटे गन गार असते, ती आधी हाताने किंवा कापडाने घासून कोमट करायला हवी, हे बरेच जण विसरतात. निरण स्वच्छ धुवून कोरडी करून मगच गन आत.

सीमेन सोडायची जागा म्हणजे गर्भाशयाच्या मुखातली तीन-चार कडी ओलांडली की लगेच पुढे, गर्भाशयाच्या बुडाशी, हळू हळू. अजून खोल एका शिंगात (गर्भाशयाच्या दोन फाट्यांपैकी एकात) घालायची गरज नाही. भरवल्यावर गायीला बसू देऊ नका, पाठीवर गार पाणी ओता असलं सांगतात, त्याने फरक पडत नाही, सीमेन मुखाच्या पुढे सोडलेलं असतं. फरक पडतो तो उन्हाने. फळलेलं बीज पहिल्या दोन-तीन दिवसात उष्णतेला फार नाजूक असतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये भरवलेल्या गायीला पुढचा आठवडाभर सावली, भरपूर पाणी, शक्य असेल तर पंखा आणि फॉगर द्या, आणि लांब चालवू नका.

कांडीवरचा वळूचा नंबर वहीत उतरवून घ्या. नाहीतर दोन-तीन वर्षांनी त्याच वळूची मुलगी त्याच वळूला भरवली जाते आणि कुणालाच कळत नाही. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ ह्यांपैकी शुद्ध गाय असेल तर तिला त्याच जातीचं सीमेन वापरा, ह्या जाती परत तयार करता येणार नाहीत.

सेक्स्ड सीमेनबद्दल थोडं. वळूच्या मादी तयार करणाऱ्या शुक्राणूत नर तयार करणाऱ्यापेक्षा जवळपास ४ टक्के जास्त डीएनए असतो, तो रंगवून लेझरखाली ओळखतात आणि वेगळे करतात, म्हणून कालवड व्हायची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. पण साध्या कांडीत २ कोटी शुक्राणू असतात तर ह्याच्यात बऱ्याचदा २० लाखांच्या आसपास. म्हणून ही कांडी निरोगी कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्यांदा भरवल्यावर राहणाऱ्या गायींना वापरा. उलटणाऱ्या गायीला शेवटचा उपाय म्हणून सेक्स्ड सीमेन घालणं म्हणजे पैसे बुडवणं.

तीनदा उलटली तर

चौथ्यांदा भरवायच्या आधी थांबा. सोट बघा, डॉक्टरकडून अंडाशय आणि गर्भाशय तपासून घ्या, सोनोग्राफी होत असेल तर फारच छान. कळपात सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकायचे प्रकार झाले असतील तर ब्रुसेला ह्या गाभ पाडणाऱ्या आजाराची रक्ततपासणी करा, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे, तालुक्याच्या दवाखान्यातून नमुना पाठवता येतो. टाकलेला गर्भ आणि जार उघड्या हाताने उचलू नका, हा आजार माणसालाही होतो. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदाच द्यायची असते.

माज दिसतच नाही अशा निरोगी गायींसाठी ठराविक दिवसांची इंजेक्शनं आहेत, पहिल्या दिवशी जीएनआरएच (बीज सोडायला लावणारं संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी परत जीएनआरएच, आणि १६ ते २० तासांनी माजाची वाट न बघता भरवायची. दिवस आणि तास तंतोतंत पाळले तरच उपयोग. पण प्रोस्टाग्लँडिनबद्दल हात जोडून सांगतो, गाय गाभण नाही ह्याची खात्री केल्याशिवाय ते देऊ नका, गाभण असेल तर गर्भ पडतो. आणि घरातल्या गरोदर बाईने किंवा दम्याच्या माणसाने ती बाटली हाताळूसुद्धा नये, ते कातडीतून अंगात जातं.

गाभण तपासणी

सोनोग्राफीने ३० दिवसांनंतर, हाताने ६० दिवसांनंतर. माज आला नाही म्हणजे राहिली असं धरून बसू नका, तीन महिन्यांनी रिकामी निघालेल्या गायीने तीन महिने फुकट खाल्लेलं असतं. पुढे दोन महिने राहिले की दूध आटवायचं. गाभणकाळ गायीचा साधारण २८० दिवस, म्हशीचा ३१०. जुळं झालं आणि एक गोऱ्हा, एक कालवड असेल तर ती कालवड बहुतेक वांझ निघते, कारण पोटात असताना दोघांचं रक्त मिसळतं, म्हणून तिला वाढवायच्या आधी तपासून घ्या.

आता आयव्हीएफ

इथे गाय न भरवता तिची बीजं बाहेर काढतात. उत्तम दुधाची दाता गाय, तिच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने बीजं ओढून घेतात, हे दोन-दोन आठवड्यांनी करता येतं. ती बीजं प्रयोगशाळेत साधारण २२ ते २४ तास पिकवतात, मग शुक्राणूंबरोबर ठेवतात. वर सांगितलं तशी शुक्राणूंची तयारी गायीच्या अंगात होते, इथे ती हेपरिन घालून करून घेतात. तापमान ३८.५ अंश, म्हणजे गायीच्या अंगाचंच, आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. सात दिवसांनी जे गर्भ नीट वाढले ते पाळक गायीत, म्हणजे दुसरीचा गर्भ पोटात वाढवणाऱ्या गायीत, सोडतात. साधारण बीजांपैकी तीसेक टक्केच तिथपर्यंत पोचतात, त्यामुळे वीस बीजं निघाली म्हणजे वीस वासरं असं मनात धरू नका.

आयव्हीएफचं पहिलं वासरू १९८१ मध्ये अमेरिकेत झालं, नाव व्हर्जिल. आपल्याकडे कर्नालच्या एनडीआरआयमध्ये (राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत) १९९० साली म्हशीचं आयव्हीएफ रेडकू झालं, त्याचं नाव प्रथम. आणि आता आपल्याच शिरूर तालुक्यात वडगाव रासाईला जेके ट्रस्ट ह्या संस्थेचं केंद्र आहे, तिथे देशी गायींवर हे काम झालंय. मला ह्याचा खरंच अभिमान वाटतो, कारण चांगली देशी गाय आयुष्यात सात-आठ वासरं देणार, आयव्हीएफने तिचं रक्त त्याच्या कितीतरी पट पसरतं.

पण कुणी करावं? ज्याच्याकडे खरंच नोंद असलेली, दुधाचा हिशोब असलेली दाता गाय आहे, किंवा तसा गर्भ विकत मिळतोय, आणि ज्याच्याकडे पाळक गायी तयार आहेत त्याने. सगळं अडतं ते पाळक गायीवर. ती निरोगी हवी, नियमित माजावर येणारी, विताना अडचण न आलेली, आणि तिचा माज बरोबर सात दिवसांपूर्वी, फार तर एक दिवस पुढे-मागे, झालेला हवा, कारण सात दिवसांच्या गर्भाला सात दिवसांचं गर्भाशय लागतं. गर्भ सोडायचा तो ज्या बाजूच्या अंडाशयातून बीज सुटलं त्याच बाजूच्या शिंगात. म्हणजे परत सगळं तुमच्या वहीतल्या माजाच्या तारखेवर. उलटणाऱ्या गायी पाळक म्हणून पुढे करतात काही जण, तसं करू नका.

करार करायच्या आधी विचारा, पैसे गर्भ सोडल्याचे की गाभण निघाल्याचे, गर्भ ताजा की गोठवलेला (ताज्याचं गाभण राहण्याचं प्रमाण जास्त), दाता गायीची आणि वळूची कागदपत्रं मिळणार का, कानातला १२ अंकी बिल्ला नोंदणार का. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून आयव्हीएफला आणि सेक्स्ड सीमेनला सवलत मिळते, पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांना चालू योजना विचारा. लहान चणीच्या गायीत एचएफचा मोठा गर्भ घालू नका, विताना अडेल.

गर्भ सोडल्यावर दिवस मोजायचे ते पाळक गायीच्या माजापासून, सोडल्याच्या तारखेपासून नाही. म्हणजे सोनोग्राफी माजापासून ३० व्या दिवशी, गर्भ सोडल्यापासून साधारण २३ दिवसांनी, आणि विण्याची तारीख गर्भ सोडल्यापासून साधारण २७३ दिवस धरून लिहून ठेवा.